कॉन्रॅडने फक्त सेकंड वाजवावा

मी, सेबेस्टियन पास्कल तुस्कानो, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, धंदा बँडमास्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, कान तर अजूनही गावात कोणाहूनही चांगला आहे.

१. राहतं घर आणि मागची केळीची वाडी पत्नी क्रिस्टिना हिला, तिच्यामागे मुलगी सॅन्ड्रा हिला. ओटा तोडून तिथे गाडी उभी करू नये. त्या ओट्यावर बँडची तालीम होते.

२. ठेवीच्या पैशांतून पेद्रू मास्तरांच्या कबरीवरचा कुरूस नव्याने बांधावा आणि दरवर्षी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्साबलिदान अर्पण करावे. मी वाडीत केळी उतरवणारा पोरगा होतो. मास्तरांनी मला स्वर वाचायला शिकवलं आणि जाताना अख्खा बँड माझ्या हवाली केला. लग्नं, सण, मयतं वाजवून मी संसार केला, हे घर बांधलं. त्यांचे उपकार फिटणार नाहीत, हे मी मान्य करतो.

३. परंतु त्यांनी स्वतःचा ट्रम्पेट कॉन्रॅड डाबरेला दिला. ते मला अजून पचलेलं नाही. आम्ही दोघे त्यांच्याकडे एकाच दिवशी शिकायला गेलो. त्याला फर्स्ट दिला, म्हणजे गाण्याची चाल. मला सेकंड, म्हणजे खालची साथ. कारण विचारलं तर मास्तर म्हणाले, "त्याला छाती हाय, तुला कान हाय. सेकंडला कान लागतो." लग्नात नवरीचा बाप बक्षीस छातीला देतो. कानाकडे कोणी बघतही नाही.

४. सगळी वाद्यं बँडकडेच राहावीत, माझा ट्रम्पेटसुद्धा. कॉन्रॅडने त्याला हात लावू नये. त्याच्याकडे मास्तरांचा आहे.

५. माझ्या अंत्ययात्रेत मास्तरांचं आवडतं भक्तिगीत वाजवावं. फर्स्ट कोणीही वाजवू नये. कॉन्रॅडने मास्तरांच्या ट्रम्पेटवर फक्त सेकंड वाजवावा. एकदा तरी गावाने नुसता सेकंड ऐकावा. क्रिस्टिना म्हणाली, "मरताना तरी त्याचा पिच्छा सोडायचा." सोडणार नाही.

हे कलम मी कॉन्रॅडला सांगितलं आहे. त्याला सेकंड येत नाही, म्हणून हल्ली तो संध्याकाळी ओट्यावर माझ्याकडे शिकायला येतो. परवा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, "मास्तर मला सांगायचे, 'सेबेस्टियन बाजूला हाय तवर तू चुकनार नाय.' तुझ्याशिवाय मी कधी वाजवलंय का रे? भीती वाटते." इतकी वर्षं हे त्याने पोटात ठेवलं. ट्रम्पेट त्याला मिळाला, आणि माझ्याबद्दलचं हे वाक्यही त्यालाच. मी आत जाऊन रडलो. मग बाहेर येऊन त्याच्या चुका दाखवल्या. कलम ५ कायम आहे.

वकीलबाई संपदा सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून कॉन्रॅडला साक्षीदार केलं आहे.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला आणि दोघांसमोर सही केली.

सेबेस्टियन पास्कल तुस्कानो
ठिकाण: गिरीज. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

पहिला साक्षीदार: हर्षवर्धन वर्तक, शेजारी
दुसरा साक्षीदार: कॉन्रॅड डाबरे

(माझ्या हाताने: त्याने पहिल्या जागेवर पेन टेकवलं होतं. मी खालची जागा दाखवली.)