दार उघडंच होतं

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहा (म्हणजे साडेनऊ)
आजपासून शिस्त. सहाला उठायचं, धरणापर्यंत चालायचं, आठ ते दोन कोडिंग. हिंजवडीतली नोकरी सोडून मुळशीत खोली घेतली ती शांततेसाठी. शेजारच्या रिसॉर्टवर काल डीजे होता. पुण्यातले लोक निसर्ग बघायला येतात आणि त्याच्याच कानात बोंबलतात. शिसारी आली. त्यामुळे उठायला उशीर. उद्यापासून नक्की सहा.

३ नोव्हेंबर
पब्लिशरकडून जुईलीचा मेल. ती बंगळुरात बसून माझ्या गेमवर देखरेख ठेवते. गेममधलं पहिलं गाव महिनाअखेरीस हवंय, आणि सोबत तीन माणसं ते खेळत असतानाचं रेकॉर्डिंग. असले गेम आयुष्यात न खेळलेली माणसं हवीत, आणि मी मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. पुढचा करार होणार की नाही, ते यावर ठरणार.

'काळदरीचा खड्गधर' हा जुन्या पद्धतीचा रोल-प्लेइंग गेम आहे. मोठे चौकोनी ठिपके, टुंईटुंई संगीत, वरून दिसणारं गाव. नायक फिरतो, लढतो, मोठा होतो. ज्याने असले गेम खेळलेले नाहीत त्याचं मत घेणं म्हणजे बहिऱ्याला भजनाला बसवणं. उत्तरात फक्त 'नोटेड' लिहिलं. त्यातला उपरोध तिला झोंबला असणार.

५ नोव्हेंबर
दिवसभर मशालीची ज्योत केली. अप्रतिम फडफडते. सायलीला फोन केला. गेमची चित्रं ती काढते. बावधनला राहते, दिवसा नोकरी करते. म्हणाली, ज्योत राहू दे रे, गावातल्या माणसांना काहीतरी बोलायला दे, नुसते खांबासारखे उभे आहेत. चित्रकार आहे बिचारी. गेमचा गाभा तिला दिसत नाही.

दुपारी भूक लागली. घरमालक कोंडाजीकाका आणि रंभाकाकू भातकापणीला गेलेले. खाली त्यांचं दार उघडंच होतं. फडताळात दिवाळीच्या चकल्यांचा डबा. चार खाल्ल्या. मी घरचाच आहे.

८ नोव्हेंबर
पहिली चाचणी. खेळाडू: कोंडाजीकाका.

सुरुवात सोपी आहे. गावाच्या टोकाला एका म्हातारीचं घर. नायकाने आत शिरायचं, पेटी उघडायची, तलवार घ्यायची. तलवारीशिवाय वेशीवरचा शिपाई बाहेर सोडत नाही. असल्या गेममध्ये नायक कुणाच्याही घरात घुसतो, मडकी फोडतो, पेट्या उघडतो. जगभर हाच नियम आहे. सांगावा लागत नाही.

काकांनी नायकाला व्यवस्थित दारापर्यंत नेलं. आणि थांबले. मी ओठ चावत मागे बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, सायेब, हाक मारायचं बटण कुटलं? मी म्हटलं, तसं बटण नाही. ते म्हणाले, भाईर लुगडं वाळतंय, चपला हायेत, मंजी बाई आत हाय, न सांगता कसं शिरायचं. मग लॅपटॉपकडे वाकून त्यांनीच हाक मारली, हाय का कुणी घरात? उत्तर आलं नाही. त्यांनी नायकाला झाडाखाली नेऊन उभं केलं आणि म्हणाले, येईल, पान्याला गेली आसंल. मग ते म्हशीचं बघायला गेले. नायक अजून झाडाखाली आहे.

लुगडं आणि चपला सायलीने काढल्यात. तिला झापलं पाहिजे.

११ नोव्हेंबर
दुसरी चाचणी. रंभाकाकू. त्याही दारातच अडल्या. वहाणा घालून जायचं का आत, असं विचारलं. शेवटी मला पुन्हा नियम मोडावा लागला. म्हटलं, काकू, जा हो आत. गेल्या. पेटी उघडली, तलवार मिळाली, तुतारी वाजली. मला वाटलं खूश होतील. त्यांनी विचारलं, कुनाची ही? मी म्हटलं, म्हातारीची. त्या म्हणाल्या, इच्यारलं का तिला? मी म्हटलं, काकू, तो जग वाचवायला निघालाय.

म्हणाल्या, जग वाचवायला निगालाय आन सुरवात म्हातारीच्या पेटीपासनं. गुनाचं पोर हाय. पुढे असंही म्हणाल्या की आमच्याबी घरात चकलीच्या डब्याला पाय फुटल्यात हल्ली. मी म्हटलं, मांजर असेल. तर म्हणाल्या, व्हय, लई शानी मांजर, जाताना झाकण लावून जाती.

इथल्या मांजरांबद्दल काहीतरी लोककथा दिसते. गेममध्ये वापरता येईल.

१५ नोव्हेंबर
तिसरी आणि शेवटची आशा: बहिरू. रिसॉर्टवर वॉचमन आहे, जग पाहिलेला माणूस. त्याने नायकाला दारापर्यंत नेलं, वळवलं आणि पाठ दाराकडे करून उभं केलं. हे काय, असं विचारल्यावर म्हणाला, दार सताड उघडं टाकून गेल्यात, कुनीतरी राखण नको का. गावातला एक माणूस दारावरून येतो-जातो, तसा मीच कोड लिहिलाय. बहिरू दरवेळी नायकाला त्याच्या आडवा घालत होता. रेकॉर्डिंगभर एवढंच. जाताना म्हणाला, गेम लई भारी हाय, ड्युटीसारखाच वाटतो.

किळस आली. माणसांची, दारांची, सगळ्याची.

१८ नोव्हेंबर
निर्णय. ही रेकॉर्डिंग पाठवायची नाहीत. नमुनाच सदोष आहे. मी स्वतः तीन नवखे खेळाडू होणार. माकडटोपी, हेल्मेट, आणि काकांचा पटका. यात फसवणूक नाही. नवखा माणूस कसा असायला हवा, हे माझ्याइतकं कुणाला कळतं?

पटका खाली खुंटीवर होता. दार उघडंच होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सायली आली. आमच्या दोघांच्या फोल्डरमधली काकांची, काकूंची, बहिरूची रेकॉर्डिंग तिने पाहिली आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, दिग्विजय, हाक मारायचं बटण टाक ना. म्हातारी दारात येऊ दे, या म्हणू दे, तलवार तिनेच देऊ दे. दोन दिवसांचं काम आहे. मी तिला शांतपणे समजावलं की खड्गधर दारात उभा राहून भीक मागत नाही. ती म्हणाली, बोलावण्याची वाट बघणं म्हणजे भीक नव्हे रे. मी म्हटलं, तू चपला काढ, बाकीचं माझ्यावर सोड. तिने शब्दशः घेतलं आणि परत चित्रात आणखी एक जोड काढला.

३० नोव्हेंबर
गेमची बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, गेली, माझी तीन रेकॉर्डिंगही गेली. गाव अर्धवट आहे, पण ज्योत पाहून कुणाचंही तोंड बंद होईल. वेळ वाचावा म्हणून जुईलीला अख्ख्या फोल्डरचीच लिंक दिली. उद्यापासून सहाला उठणार.

४ डिसेंबर, गुरुवार
जुईलीशी व्हिडिओ कॉल. ज्योतीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, तीन व्हिडिओंत एकच माणूस तीन टोप्या घालून बसलाय, आणि राक्षस यायच्या आधीच तिन्ही वेळा 'आता बघतो तुझ्याकडे' म्हणतोय. मी म्हटलं, मुळशीत लोक एकमेकांसारखे दिसतात.

मग म्हणाली, बाकीची तीन रेकॉर्डिंग मात्र अख्ख्या ऑफिसने पाहिली. ती त्याच फोल्डरमध्ये राहिली होती. जुईलीला तोच गेम हवाय. ज्यात बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात जाता येत नाही. हाक मारायची, थांबायचं, ओळख वाढवायची. राक्षस नसला तरी चालेल. करणार का, असं सरळ विचारलं.

माझ्या आयुष्यातला सर्वात ओंगळ क्षण. मी म्हटलं, माझा नायक कुणाच्या उंबऱ्यावर उभा राहणार नाही. ती म्हणाली, ओके. ज्या सुरात ती म्हणाली, त्यावरून ती आतून हादरली आहे हे कळलं. दोन दिवसांत विनवणीचा मेल येईल.

९ डिसेंबर
मेल आला. 'काळदरीचा खड्गधर'चा करार इथेच थांबवला आहे. नवा गेम सायलीबरोबर. नाव 'हाय का कुणी घरात'. आवाज कोंडाजीकाकांचा.

सायलीचा फोन. कोडिंग तूच कर, असं म्हणाली, माझ्या मनात दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, विचार करतो. याचा अर्थ तिने आणखी आग्रह करायला हवा होता. तिने हो म्हणून फोन ठेवला.

१२ डिसेंबर
सायलीला फोन केला, मोठ्या मनाने होकार द्यायला. तिला तिच्या ऑफिसमधला कुणीतरी रोहित मिळालाय. सहाला उठतो म्हणे. असल्या माणसांची मला मनस्वी घृणा आहे.

१४ डिसेंबर, रविवार
हिंजवडीतल्या जुन्या कंपनीने परत घेतलं. त्यांचं माझ्यावाचून अडलं होतं. पगार कमी केलाय तो फक्त दिखाव्यासाठी. कंपनीजवळच्या जांबे गावात खोली पाहिली. दुपारी सामान बांधून किल्ली द्यायला खाली गेलो. पटकाही हातात होता.

दार उघडंच होतं. बाहेर दोन जोड चपला. आतून नव्या भाताचा वास, आणि वाटणाचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आत गेलो नाही. कारण विशेष काही नाही. सामान्य माणूस दारात किती वेळ उभा राहू शकतो, हे तांत्रिकदृष्ट्या तपासून पाहत होतो. खाकरलो. आत भांडी वाजत राहिली. झाडाखाली जाऊन आलो. शेवटी हाक मारली, हाय का कुणी घरात?

आतून रंभाकाकूंनी विचारलं, कोन हाय? मी म्हटलं, मी.

म्हणाल्या, मी मंजी कोन, मांजर का?

जरा विचार केला. हो म्हणालो.