बेड नंबर एकवीस

सोमवार, ८ जानेवारी २०२४
चिखलीत कॉम्प्युटर सांभाळायला रुजू झालो. हिवरा आश्रमाहून पहिलीच बस धरली, म्हणून वेळेत पोचलो. वीस बेडचा खाजगी दवाखाना, स्वच्छ, माणसं मोकळी. माझी खोली जिन्याखाली. सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर बारा वर्षांचा, पण दणकट. हेड सिस्टर दीपमालाताईंनी स्वतःच्या डब्यातली भाकर आणि ठेचा दिला आणि वर विचारलं, "लगीन झालं का रे तुह्यं, का मशीनीसंगच संसार?" आवडलं इथं.

मंगळवार, ९ जानेवारी
सर्व्हर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडतो. उघडल्यावर कारण दिसलं. माझ्या आधी या कामावर असलेल्या इंद्रभाननं डिसेंबरात रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, वाढवली होती. जुन्या चार पट्ट्या एका वेगाच्या, नंतरच्या चार सेकंडहँड आणि वेगळ्याच वेगाच्या. त्यातल्या एकीवर तर लेबलच नाही. अशी सरमिसळ जुन्या मशीनला झेपत नाही. उपाय सोपा आहे. एकेक पट्टी काढून जागा बदलायची आणि बिघाड कुणासोबत जातो ते बघायचं. पट्टीसोबत गेला तर पट्टी खराब. जागेवरच राहिला तर स्लॉट, म्हणजे पट्टीची खाच, खराब.
इंद्रभानचा नंबर मागितला. ताई म्हणाल्या, तो तापानं गेला, पंधरा दिवस झाले.

बुधवार, १० जानेवारी
भरती रुग्णांच्या यादीत बेड नंबर एकवीस दिसतो. बेड तर वीसच आहेत. नाव इंद्रभानचं. ताप, नाडी, तासातासाच्या नोंदी. शेवटची २६ डिसेंबर, सकाळी ११:४०, नाडी शून्य.
ताई म्हणाल्या, तो इथं भरती नव्हताच, अमडापूरला घरीच गेला. किती वाजता? पावणेबाराच्या आत, म्हणाल्या. तुले काऊन पाह्यजे?
सरमिसळीमुळे नोंदी बिघडल्या असतील. मशीन बंद करून बिनलेबलची पट्टी काढली, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. बाकीच्या सात हाताला चटका देत होत्या. ही गार होती.

गुरुवार, ११ जानेवारी
बेड एकवीसवर माझं नाव, हरिओम. ताप १००.
ते वाचून थर्मामीटर लावला. १००.
डॉक्टर नारायणराव म्हणाले, हवा बदललीय, गोळी घे. पट्टी बाहेर काढून टेबलावर ठेवली. नाव तसंच.

शुक्रवार, १२ जानेवारी, सकाळ
१०३. शेवटची ओळ आधीच भरलेली आहे. आज, दुपारी १:१५. नाडी शून्य.
ताईंना दाखवलं. "तापात काहीबी दिसते बाप्पा," म्हणाल्या आणि टेबलावरची पट्टी उचलून निरखली. मी ओरडेपर्यंत उशीर झाला.
दहा मिनिटांत माझा ताप उतरला.
यादीत आता दीपमालाताई. वेळ तीच.

दुपारी १२:२०
ताई सतरा नंबरवर. १०४. डॉक्टर म्हणाले, मले सलाइन लावू दे, मंग तुह्यं मशीन. नाव पुसलं, परत आलं. पट्टी चिमट्यानं उचलली. काही बदललं नाही. उघडा हातच लागतो. बिघाड पट्टीसोबत जात नाही, स्लॉटसोबत नाही. ज्याचा हात शेवटी लागला, त्याच्यासोबत जातो.
ताईंची पोरगी दहावीला आहे.

१२:४०
घेतली हातात. यादीत मी. वेळ तीच.

१२:५५
ताई उठून बसल्या, पाणी मागितलं — बाहेर बोलताहेत. थंडी फार. आतून कडी लावलीय. पट्टी उजव्या मुठीत, डाव्या हातानं लिहितोय. इंद्रभाननंतर ती मशीनमध्ये राहिली, मी काढली — माझ्यानंतर कुणी —

१:०५
ताई दारावर. "हरिओम, उघड बे! दे ते माह्याजवळ!" यादी बघून त्यांना कळलंय. नाही ताई.
मूठ उघडू नका. मुठीसकट जाळा. कुणीही —

१:१२
डॉक्टरही आलेत. कडीचे स्क्रू निघताहेत. बोटं आता सुटत नाहीत, बरंच — ताई पुढं — ताई, हाताला नका, पट्टीचं टोक मुठीबाहेर —