पहिली बास्केट पडेपर्यंत

१० जानेवारी, शनिवार

पुन्हा हरलो! आमच्याच बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, आणि तेही सेंट ऑल्बन्सकडून. आमच्या कॉलेजच्या संघाला बगळे म्हणतात. या वर्षी खेळतातही तसेच, एका पायावर उभे राहून, कुठेतरी बघत.

हरल्याचं एवढं नाही. त्रास होतो तो सुरुवातीचा. आपली पहिली बास्केट पडेपर्यंत कोणी खाली बसायचं नाही, टाळ्या वाजवत उभं राहायचं, हा टॅलमन गावाचा नियम माझ्या जन्माआधीचा आहे. पूर्वी दोन टाळ्या वाजवल्या की बसायला मिळायचं. कोच टॅगर्ट आल्यापासून पोरं चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत राहतात. योग्य संधीची वाट बघतात म्हणे. आज संधी आलीच नाही. सगळा हॉल ताटकळला. आणि माझ्या शेजारी व्हर्लिन, वय एकोणऐंशी, उजवा खुबा कामातून गेलेला, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे. कपाळावर घाम.

“अहो, बसा ना जरा.”

“बास्केट पडली का?”

“नाही.”

“मग?”

आमच्या पुढे ड्वेन रप बसतो. विमा विकतो आणि कानाला रेडिओ लावून सामना बघतो, म्हणजे डोळ्यांवरही विश्वास नाही. तो वळून म्हणाला, “टर्नबोला बाकावर बसवलंय आणि त्या पहिल्या वर्षाच्या बीसलीला खेळवतोय. याला कोच म्हणायचं?”

“हाकला त्याला!” व्हर्लिन.

मागच्या रांगेतून फिलिस आरबोगास्ट. दातांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेली बाई, अजूनही समोरच्याला तोंड उघडताच गप्प करते. “कोणाला हाकलताय? आधीच्याला पण तुम्हीच हाकललंत. तेव्हा म्हणत होतात फार पळवतो. आता म्हणता पळवतच नाही!”

“तुम्हाला खेळातलं काय कळतंय, फिलिस?”

“तुम्हाला जेवढं दिसत नाही तेवढं!”

मी कोचची बाजू घेतली. नेहमीच घेतो. घरी येताना गाडीत व्हर्लिन माझ्याशी त्यावरून भांडले. छान गेली संध्याकाळ.

११ जानेवारी

टॅगर्ट मला खरंच बरोबर वाटतो का? की व्हर्लिन विरोधात आहेत म्हणून मी बाजूने? दोघं एकाच मताचे झालो तर गाडीत बोलायचं काय? हा प्रश्न चर्चमध्ये, प्रार्थनेच्या ऐन मध्यावर पडला. पडायला नको होता.

१२ जानेवारी, सोमवार

आज वाईट बातमी. कामावरून परत येताना व्हर्लिनकडे डोकावलो. (पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून घरी येताना त्यांचं घर वाटेवर नाही. वाटेवर आहे असं मी त्यांना सांगतो.) ते म्हणाले, “हा माणूस पुढच्या वर्षी राहिला तर मी तिकिटं घेणार नाही. बास.”

बास!

जनीनशी घटस्फोट झाला त्याला चार वर्षं झाली. ती डेन्व्हरला गेली. तिचे वडील, म्हणजे व्हर्लिन, आणि मी इथे उरलो. तिकिटं दोन, व्हर्लिनच्या नावावर. पूर्वी एक त्यांचं, एक सासूबाईंचं. त्या गेल्यावर दुसरं माझं झालं. घटस्फोटात भांडीकुंडी, गाडी, कुत्रा, सगळ्याची वाटणी झाली. या खुर्चीचा विषय कोणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. माजी सासरे हे काही नातं नव्हे. त्यांना ‘डॅड’ म्हणणं बंद झालं, ‘व्हर्लिन’ तोंडातून फुटत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही. ‘अहो’वर भागवतो. पण त्या दोन खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो की कोणी विचारत नाही की हे एकमेकांचे कोण.

तिकिटं गेली तर? मी कुठल्या निमित्ताने त्यांच्याकडे जाणार? आणि त्यांना तरी दुसरं कोण आहे?

१४ जानेवारी

बाहेरगावचा सामना. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. हरलो. मी एक प्रयोग केला. म्हणालो, “तुमचं बरोबर आहे. टॅगर्टला काढायला हवं.” वाटलं, खूश होतील.

भडकले! “आता का? आत्ता कुठे बीसलीला जरा सूर सापडतोय!”

मग मी विरोधात आणि ते बाजूने, असे आम्ही समोरचा गोड पदार्थ संपेपर्यंत भांडलो. साखर-सायीचा ‘पाय’ म्हणतात तो, त्यांनी स्वतः भाजलेला! विचारलं, कधीपासून करायला लागलात? म्हणाले, “कोणीतरी शिकवलं.” चांगला झाला होता. जरा जळका.

माझं खोटं बोलणं मात्र मला पचलं नाही. पुन्हा करणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज भीती वाटली. पहिली बास्केट पडेचना. तिघांचे नेम चुकले, बीसलीने तर चेंडू थेट बँडवाल्यांच्या ट्रॉम्बोनवर मारला. हॉलमधल्या टाळ्या हळूहळू कंटाळ्याच्या झाल्या. व्हर्लिन डोलायला लागले. मी दंड धरला. त्यांनी झटकला.

फिलिस मागून म्हणाली, “बसा हो व्हर्लिन. कोणी बघत नाहीये.”

“तुम्ही बघताय ना!”

“मी सामना बघतेय.”

“मग सामना बघा.”

ड्वेन म्हणाला, “या कोचच्या पायी एक दिवस माणूस मरेल इथे.” तो गमतीने म्हणाला. मला हसू आलं नाही.

परत येताना गाडीत व्हर्लिन खुबा हाताने दाबत होते. कोचला एक शिवीसुद्धा दिली नाही, म्हणजे फार दुखत असणार.

१९ जानेवारी, सोमवार

केलं खरं. योग्य केलं की नाही, ठरवता येत नाही.

सोमवारी संध्याकाळी कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम पेगीच्या हॉटेलातून असतो. टॅगर्ट कोपऱ्यात मायक्रोफोनसमोर बसतो, लोक पावाच्या बाहेर वीतभर लोंबणारं पोर्कचं सँडविच खात त्याला प्रश्न विचारतात, आणि सगळा जिल्हा ऐकतो. आज गर्दी होती. हरणाऱ्या कोचकडे जास्त गर्दी होते.

पहिला ड्वेन. “टर्नबोने काय घोडं मारलंय तुमचं?”

टॅगर्ट म्हणाला, “काही नाही. सरावात बीसली त्याला रोज हरवतो. तुम्ही सरावाला या, दार उघडं असतं.”

एक बाई म्हणाली, दुसरी कॉलेजं पैसे टाकून तयार खेळाडू उचलतात, आपण कधी उचलणार? तो म्हणाला, दर वर्षी नव्या पोरांची नावं पाठ करण्यापेक्षा आहेत त्यांना शिकवणं मला जमतं. कोणीतरी मागून, “मग शिकवा की!” हशा. त्याची मान लाल झाली, पण तोही हसला.

मग माझा नंबर. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, “कोच, तुमचा धीराचा खेळ मला पटतो. एकच विनंती. तुमची सगळ्यात हमखास खेळी असेल ती पहिल्यांदाच वापराल का? माझ्या शेजारी एक गृहस्थ असतात. त्यांचा खुबा खराब आहे आणि बास्केट पडेपर्यंत ते बसत नाहीत.”

आधी सगळे हसले. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टॅगर्ट हसला नाही. त्याने खिशातून पेन काढून कागदी रुमालावर काहीतरी खरडलं. “बघतो,” म्हणाला.

मी नाव घेतलं नव्हतं. पण टॅलमनमध्ये नाव घ्यावं लागत नाही. फिलिस पलीकडच्या टेबलावर होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. शाबासकीची की कीव केल्यासारखी, कळलं नाही.

२० जानेवारी

व्हर्लिन फोन उचलत नाहीत.

२१ जानेवारी, बुधवार

पहिलाच चेंडू! चेंडूसाठी सुरुवातीची उडी, एक पास, दुसरा पास, बीसली टोपलीखाली मोकळा, आणि बास्केट! लोक धड उभेही राहिले नव्हते. हॉल असा गरजला की छताची धूळ पडली असेल. आणि मग, एकामागून एक, माना आमच्या रांगेकडे वळल्या. खाली बाकाजवळून टॅगर्टनेही वर पाहिलं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी हात वर केला, मूर्खासारखा. काय सांगणार होतो? फिलिस मागून हळूच म्हणाली, “चुकलंच तुझं, नील. मनात वाईट नव्हतं, तरी चुकलं.”

सामना हरलो, पण थोडक्यात. टर्नबो उतरला आणि चांगला खेळला. ड्वेन म्हणाला, बघा, मी सांगत होतो. मला आनंद झाला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

व्हर्लिनकडे गेलो शेवटी. दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. उंबऱ्यावरच.

“रेडिओवर मला म्हातारा केलंस.”

“मी म्हातारा म्हणालो नाही. खुबा म्हणालो.”

“तेच ते!”

“अहो, सगळ्या गावाला तुमचा खुबा माहीत आहे.”

“गावाचं सोड!” एवढे ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला. मग खाली पायपुसण्याकडे बघत राहिले. “गावाला माहीत असणं वेगळं,” एवढंच म्हणाले.

मी माफी मागितली. खरी, काहीही समर्थन न देता. नंतर गाडीत बसून स्वतःला विचारलं: त्यांच्या पायासाठी विचारलं होतंस, की ते सामन्याला येत राहावेत म्हणून? म्हणजे तुझ्यासाठी? उत्तर आलं: दोन्ही. पण जास्त माझ्यासाठी.

निघताना त्यांनी खिडकीतून हाक मारली. “बुधवारी साडेसहाला ये. उशीर करू नकोस.”

थंडी मरणाची होती, तरी घरापर्यंत काच खाली करून गाडी चालवली.

२८ जानेवारी, बुधवार

केवढा दिवस!

व्हर्लिन केस कापून, निळा नवा स्वेटर घालून तयार होते. मी म्हणालो, छान दिसताय. “गाडी चालव,” म्हणाले.

समोर वेनराइटचा संघ, पहिल्या क्रमांकावरचा. टॅगर्टने पुन्हा तीच खेळी लावली, पण वेनराइटवालेही रेडिओ ऐकतात बहुधा! चेंडू मधल्यामध्ये पळवला. मग आमचे नेम चुकत गेले आणि आम्ही उभे. व्हर्लिनच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी दंड धरायला गेलो नाही. शिकलो होतो.

तेवढ्यात मागून धप्पकन आवाज. फिलिस खाली बसली होती! बास्केट पडायच्या आधी! आजूबाजूचे बघतच राहिले.

“माझे पाय गेले,” ती मोठ्याने म्हणाली. “आता तुम्हीही बसा व्हर्लिन, नाहीतर सगळे मला एकटीलाच नावं ठेवतील.”

व्हर्लिननी मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वेटर खाली ओढला आणि बसले. “बाईमाणसाला एकटं पाडणं बरं नाही,” मला म्हणाले.

तिचे पाय ठणठणीत आहेत. रोज सकाळी नदीपर्यंत चालून येते, मी पाहतो. त्यांचा मान राखून त्यांना बसवायचं एवढं सोपं होतं, आणि मी मात्र सगळ्या जिल्ह्याला ऐकवायला गेलो! मी उभाच राहिलो. कोणीतरी राहायला हवं.

आणि जिंकलो! एका गुणाने. बीसलीने शेवटचे दोन फ्री थ्रो मारले. ड्वेनने कानाचा रेडिओ काढून मला मिठी मारली. “हा कोच वाईट नाही, पण टर्नबो सुरुवातीपासून हवा होता,” म्हणाला. सुधारणा आहे.

३१ जानेवारी

हरलो. दणदणीत. तरी मूड चांगला. व्हर्लिन आणि फिलिस मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत टॅगर्टवरून एवढे तावातावाने भांडत होते की दुसरा भाग सुरू झाला तरी परत आले नाहीत. मी दोघांच्या खुर्च्यांवर कोट ठेवून जागा राखली.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुढच्या मोसमाची तिकिटं हवीत की नकोत, ते याच महिन्यात कळवायचं असतं. आज हरलो की जिंकलो ते लिहीत नाही, माझं लक्षच नव्हतं. ठरवून गेलो होतो, सरळ विचारायचं. आडून नाही, रेडिओवर तर नाहीच.

गाडीत विचारलं, “टॅगर्ट राहिला तर तुम्ही खरंच तिकिटं सोडणार?”

ते काच पुसत बसले. काचेवर काही नव्हतं.

“तिकिटांचं जरा वेगळं चाललंय माझ्या मनात,” म्हणाले. “विचार करून सांगतो.”

वेगळं म्हणजे काय? मी विचारलं नाही. त्यांना दारापर्यंत सोडलं. पायरीवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवला की सहज, तेही विचारलं नाही. मनाची तयारी केलेली बरी. चार वर्षं मिळाली, तीही फुकट. सगळ्यांना मिळत नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी फोन. तिकिटं घेतली! पण माझ्या खुर्चीवर पुढच्या वर्षीपासून फिलिस बसणार आणि तिच्या जागी, मागे, मी. ईस्टरनंतर दोघांचं लग्न. “तुला मागून जास्त चांगलं दिसेल,” व्हर्लिन म्हणाले. मी विचारलं, आणि कोच? “कोचला काय झालंय? चांगला माणूस आहे!”

वाईट वाटेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली. वाटलं नाही.