हुशार आहे, मग लिहीत का नाही

१ जुलै, मंगळ.
शाळेतून पुन्हा फोन. माझी रेवा बाकाखाली. गेले तर शाळेतल्या मावशी शेजारी फरशीवर बसलेल्या. "ताई, भाईर हॉर्न वाजला नि कान झाकून खाली गेली. मी काय हात लावला नाय." तेवढं त्यांना कळतं. वर्गाच्या बाईंनी मात्र तिला दंड धरून ओढलं होतं. तिच्या वहीत तारखेच्या पुढे काही नाही.

३ जुलै, गुरु.
डॉ.चा रिपोर्ट आला. ऑटिझम, एडीएचडी, वर लिहिण्याची अडचण. आणि बुद्ध्यांक पार वरच्या टोकाला. सगळं एकाच नऊ वर्षांच्या पोरीत. सासूबाई म्हणाल्या, "हुशार आहे ना, मग झालं तर." झालं कसलं.
आता शाळेकडे लेखनिक मागायचा. ती तोंडी सांगेल, दुसरं कुणी लिहील. शनिवारी मुख्याध्यापिकांची भेट.

५ जुलै, शनि.
माती खाल्ली मी. पाहुणे आले की पोरांना 'म्हणून दाखव' म्हणायची आपली खोड, ती मुख्याध्यापिकांसमोरही गेली नाही. रेवाचा बाबा संजय न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर यार्डात कामाला. कंटेनरच्या नंबरातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून काढता येतो, हे त्याने रेवाला एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून कंटेनर लादलेला ट्रेलर दिसला की ती मनात हिशेब करते. मी मोबाइलमधले फोटो दाखवले, शेवटचा आकडा बोटाने झाकून. तिने सगळे बरोबर सांगितले. मी फुलले.
मॅडमनी रिपोर्ट मिटला. "एवढं येतं, मग लेखनिक कशाला? आळस आहे हो. जरा कडक वागा. हवं तर मंगळवारी मी स्वतः तोंडी गणित घेऊन बघते."
रेवा तिथेच होती.
संजय घरी म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता हा तमाशा?"

७ जुलै, सोम.
कळंबोलीपाशी रिक्षा अडकली. आजूबाजूला ट्रेलरच ट्रेलर. रेवा कान झाकून नंबर बघत होती, पण आकडा एकाचाही सांगेना.
"येत नाहीये का गं?"
"येतंय. चुकीचं सांगायची प्रॅक्टिस करतेय."
"कशाला?"
"उद्या चुकीचं सांगितलं की देतील ना मला लिहायला माणूस?"
या पोरीला खोटं कधी बोलता आलं नाही. सासूबाईंची भाजी खारट झाली तरी तोंडावर सांगते.
नको म्हणायला हवं होतं. रिक्षा सुटली, घरी आलो, तिचा वरण-भात झाला. अजून म्हटलेलं नाही.