माहुलच्या भरतीचं पान

१२ जानेवारी
मेव्हणा हरेश्वर माहुलच्या खाडीत होडीतून फ्लेमिंगो दाखवायच्या फेऱ्या सुरू करतोय. जाळ्यात मासळी उरली नाही. आता घर यावरच चालायचं. वेबसाइट मी करणार. क्लास न लावता शिकलोय, म्हणून पाया पक्का.

१५ जानेवारी
चौदा पानं झाली. वरची पट्टी एकाच फाइलमध्ये, बाकीची पानं ती आपोआप ओढून घेतात. फोन नंबरातला चुकलेला आकडा एकदाच बदलला, चौदा ठिकाणी बदलला! बायकोला, वनमालाला, दाखवलं. म्हणाली, "आधी चुकवलातच कशाला?"
बायकांना आर्किटेक्चर कळत नाही.

१८ जानेवारी, सकाळी ७
होडी भरतीलाच निघते. भरतीच्या वेळा दुसऱ्या एका साइटवरून थेट ओढल्या. रोज ताज्या. हरेश्वर म्हणाला, "भावोजी, बाकी काय पण करा, वेळ तेवढी बरोबर द्या."
हे मला सांगतो!

१९ जानेवारी
ते पान उघडायला नऊ सेकंद. असह्य. त्या साइटवरच्या फाइलची कॉपी काढून आपल्याच सर्व्हरवर ठेवली. आता ०.४ सेकंद. भरती पावणेएकला. शेजारी आजची तारीख आपोआप बदलते. झकास.

२३ जानेवारी
२६च्या सुट्टीला अकरा बुकिंग. पहिलीच फेरी! कॉपी अधूनमधून ताजी करायला हवी. सोमवारनंतर बघू. आधी मेनूचा निळा रंग. दोन छटा जास्त गडद आहे.

२६ जानेवारी, दुपारी १
हरेश्वरचा फोन. "अहो भावोजी, आज अष्टमी! भरदुपारी पाणी कुठून आणू? खाडीत नुसता चिखल, आणि दारात अकरा माणसं दुर्बिणी घेऊन उभी!" तो संध्याकाळच्या भरतीच्या तयारीत होता. लोक माझं पान बघून आले.
पान उघडलं. तारीख २६, वेळ मात्र १९ तारखेचीच, पावणेएक.
म्हटलं, तारीख तर बरोबर आहे ना?
"तारखेत होडी घालू?"

२७ जानेवारी
अकराही जण परत गेले. एका बाईने एक स्टार दिला. वेगाबद्दल चकार शब्द नाही.

१ फेब्रुवारी
हरेश्वरची अट: वेळ वनमालाच सांगणार. कोळ्याची मुलगी, तिथीवरून बोटांवर मोजते. मी हाताने टाइप करतो. तत्त्वतः हाही रिमोट सोर्सच, म्हणजे बाहेरून ओढलेली माहिती.
आज विचारायला गेलो. "थांबा हो जरा, भाकरी करपतेय."
पान वीस मिनिटं रिकामं.