कसिरू

मित्याना, ३ जुलै

ती. नाक्कू आत्यास नाकितेंदेचा शि. सा. न.

माझा क्वांजुला, मागणीचा सोहळा, पुढच्या महिन्यात ठरला. किवुंबीकडची माणसं मागणी घेऊन येतील, अंगणात सगळं गणगोत बसेल आणि मी गुडघे टेकून म्हणायचं, की ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, यांना घरात घ्या. मला ते बंद खोलीतही म्हणता येत नाही. दुकानातसुद्धा मी बोट दाखवून साबण घेते, तुम्हाला माहीतच आहे.

सेंगाला, म्हणजे आत्याला, भाचीच्या वतीनं बोलता येतं ना? मग माझं वाक्य तुम्ही म्हणा. बाबा म्हणाले, कसिरू काय बोलणार, नाक्कूलाच सांग.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू द्या.

मसाका, ९ जुलै

चि. वालुसिंबीस आशीर्वाद. धाकटा आहेस, म्हणून द्यावा लागतो.

पोरीचं पत्र वाचून अंगाची लाही झाली. कसिरू! मुकी आणि वर मंद! पाद्रीबाबांपुढं प्रार्थना म्हणताना ती एकदा अडखळली, तेव्हा तू हे नाव ठेवलंस. पुढं जो पाहुणा येईल त्याच्यासमोर तिला उभी करून तेच म्हणायला लावलंस. ती रडली की मांडीवर थाप मारून हसायचास. कधी हात उगारला नाहीस म्हणून स्वतःला मोठा सज्जन समजतोस का रे? पोर आता चार माणसं दिसली की थरथरते, ती तुझी कमाई.

भर मांडवात तिला तिच्या नावानं हाक मारणार असशील तरच मी येईन. सेंगाशिवाय क्वांजुला कसा करतोस ते बघतेच.

तुझी बहीण, नाइलाजानं.

मित्याना, १५ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपल्या बापानं मला काय कमी बोलून घेतलं? मी मेलो का? लाडाचं नाव आहे ते. किवुंबीची आई तर पोरगी मान वर करत नाही म्हणूनच खूश आहे. माझ्या अंगणात मी कुणाला काय म्हणायचं ते तू मसाक्यात बसून ठरवू नकोस. सेंगा म्हणून आपली चुलतबहीण उभी राहील.

राग आवरावा, तब्येतीला जपावं.

मित्याना, १८ ऑगस्ट

ती. आत्यास,

नमस्कार लिहायचं मनात नव्हतं, तरी लिहिते.

तुमच्या जागी आलेल्या बाईंना मी धड ओळखतही नव्हते. ही माणसं तुझ्या ओळखीची का, असं मला विचारलं. तोंड उघडलं, पण आवाज नाही. त्या बाईंनीच हो म्हणून टाकलं. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या, किती मर्यादेची पोर म्हणाल्या. बाबा फुलून गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, आमच्या कसिरूचं वळण!"

आणि आवाज आला, आत्या. मी म्हणाले, "माझं नाव नाकितेंदे आहे." मी उठून स्वयंपाकघरामागं गेले आणि ओकले. किवुंबी पाणी घेऊन आला. माझ्या त्या बोलण्याला धीर म्हणून गावभर सांगू नका.

पण तुम्ही कुठं होतात? मी तुमच्याकडं एक वाक्य मागितलं होतं. तुम्ही आणि बाबा माझ्या बोलण्यावरून भांडलात, मला मात्र कुणीच विचारलं नाही.

चर्चमध्ये लग्नाच्या वेळी हो मलाच म्हणायचंय, तिथं सेंगा चालत नाही. तरी या. बाबांना धडा शिकवायला नको, माझ्याजवळ बसायला या.

तुमचीच,
नाकितेंदे