तिसऱ्या पायरीवरचा हात

बाबा,

तुम्ही लॉजची तिसरी पायरी चढलात त्या दिवशी आत काय झालं, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं उराशी धरून होते. माय म्हणायची, या पोरीला झाकण लावलेला डबा दिसला की चैन पडत नाही. आता माझेच केस पांढरे झाले, तरी ती खोड गेलेली नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, आपण भंडाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि मी नुकती कॉलेजात जायला लागलेली. तुमचे जवळचे मित्र एकच, पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर. जातीनं वरचे, पण आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मायच्या हातचा वरणभात मागून खाणारे. त्यांनीच तुम्हाला नागपूरच्या त्या फ्रीमेसन लॉजमध्ये, शपथ घेऊन गुपितं पाळणाऱ्या बंधुमंडळात नेलं. लोक त्या इमारतीला भूतबंगला म्हणायचे, कारण आत जाणारे बाहेर येऊन काही बोलत नसत. तुम्ही एसटीनं जायचात, दुसऱ्या दिवशी परतायचात, आणि मी चपला काढू द्यायच्या आत तुमच्या मागे लागायची. तुमचं उत्तर ठरलेलं. "काय केलं ते सांगता येत नाही. काय समजलं ते सांगतो."

आणि सांगायचात खरं. पायरी म्हणजे तिथल्या विधीचा टप्पा. पहिल्या पायरीला घड्याळ, अंगठी, अंगावरचा सगळा धातू उतरवून ठेवायचा आणि डोळ्यांवर पट्टी बांधून उभं राहायचं. माणूस येतो तेव्हा रिकामा असतो आणि उजेड त्याला मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथे म्हणे विचारतात, तुझा भरवसा कोणावर? आपण तर बौद्ध दीक्षा घेऊन देव सोडलेले, मग तुम्ही काय सांगितलंत, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात आणि म्हणालात, खोटं नाही बोललो. बाबा, ते उत्तर मला अजून हवं आहे. दुसऱ्या पायरीला काटकोन तपासायचा गुण्या, ओळंबा आणि पाणसळ. ही तर आजोबांच्या गवंडीकामाच्या पिशवीतली अवजारं. ओळंबा म्हणजे सरळ वागणं, पाणसळ म्हणजे सगळी माणसं एका पातळीवर. हे सांगताना तुमचा आवाज उतरला. आजोबांनी ज्या घरांच्या ओट्यांना पाणसळ लावली, त्या ओट्यांवर त्यांना कधी कोणी बसू दिलं नव्हतं. मला तेव्हा राग आला होता, तुमचा नव्हे, त्या पाणसळीचा.

लॉजनं तुम्हाला पांढऱ्या चामड्याचा ॲप्रन दिला होता. तो बाहेरच्या कोणाला दाखवायचा नसतो, हे मायला कुठून माहीत असणार? तिनं तो ट्रंकेतून काढला आणि बुद्धाच्या मूर्तीखाली अंथरला. वर मेणबत्ती लावली. रविवारी डॉक्टर चहाला आले आणि कप हातात धरून तसेच थांबले. चामड्यावर मेणाचे थेंब सांडले होते. माय म्हणाली, "वंदनेले आपण पांढरंच नेसतो ना. मले वाटलं, हेही त्यातलंच." तुम्ही उठून ते काढायला गेलात, तर डॉक्टरांनी तुमचा हात धरला आणि जागा चांगली आहे, राहू द्या, असं म्हणाले.

मायला तेवढ्यानं धीर आला. तुमच्या ऑफिसातल्या शिपायानं तिला काहीबाही सांगितलं होतं. तिनं सरळ डॉक्टरांना विचारलं, तिसऱ्या पायरीत जित्या माणसाला मेल्यासारखं निजवतात, हे खरं का? डॉक्टर शपथेनं बांधलेले होते. बोललात तुम्ही.

"निजवतेत तर निजीन. मी छप्पन सालीच एकदा मरून उठलो. पण तवा लाखो लोकं संग होते, आपल्या पायानं उठलो. आता मले पाहाचं आहे, हे वरच्या जातीचे लोकं वाकून मले हात देतेत का नाही."

हात मिळाला नाही तर तुम्ही कसे परत याल, ते मला दिसत होतं.

तुम्ही गेलात आणि परत आलात. मी दारातच विचारलं, दिला का हात? तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "चाय टाक." पुढे पवनीकडे बदली झाली, लॉजला जाणं सुटलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की हात मिळाला नव्हता.

तुम्ही कायमचे गेलात त्या दिवशी डॉक्टर आले. अंगणात सगळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. ते तुमच्याजवळ बसले, तुमचा उजवा हात हातात घेतला. सवयीनं नाडी पाहत असतील असं मला वाटलं. पण त्यांची बोटं मनगटावर नव्हती. अंगठा तुमच्या बोटाच्या एका सांध्यावर दाबलेला, आणि डोळे मिटलेले. मी शेजारी बसले आणि तुम्हाला विचारला होता तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी तुमचा हात न सोडता सांगितलं.

"आधी मी वाकलो. दोघे जण जागचे हलले नाहीत. बाकी सगळे वाकले. तुझे बाबा उठले तेव्हा रडत होते."

माझ्यासाठी त्यांनी शपथ मोडली, बाबा. मी मग पोटभर रडले, आणि त्यातलं थोडं रडणं आनंदाचं होतं.

हे पत्र कुठे टाकणार? मूर्तीखाली ते चामडं अजून आहे, त्याच्याच घडीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांचा अंगठा कुठे होता, ते मी नीट पाहून ठेवलं होतं; लॉजची माणसं एकमेकांना ओळखतात ती हीच खूण असावी. तेव्हापासून, बँकेत असो की बाहेर, कोणी हात पुढे केला की मी हळूच त्याच सांध्यावर दाबून बघते. अजून कोणी उलट दाबलेलं नाही.